आमची वाटचाल: मण्यांपासून रिपीट ब्लॉकपर्यंत

मुलांना कोडिंग शिकवण्यासाठीचा आमचा पहिला संच मण्यांचा होता आणि आजही प्रत्येक नवा वर्ग तिथूनच सुरू होतो. पालक येतात ते कोडिंगसाठी. पण आकृतिबंधात पुन्हा पुन्हा येणारा गट मुलाला हाताने वेगळा करता आल्याशिवाय आम्ही संगणक सुरू करत नाही, कारण रिपीट ब्लॉकच्या, म्हणजे आतल्या सूचना ठरावीक वेळा पुन्हा करणाऱ्या पडद्यावरच्या ठोकळ्याच्या, पोटात नेमका तोच गट घालायचा असतो. तो सापडला नसेल तर मूल १२ मण्यांसाठी १२ ब्लॉक एकाखाली एक लावतं. माळ बरोबर दिसते आणि चूक झाकली जाते.

जोडीमागे दोन रंगांचे ३० मणी आणि एक लेस पुरते. मणी चौकोनी हवेत. ओवण्याआधी मुलं ते बाकावर मांडून पाहतात आणि गोल मणी घरंगळतात. नमुन्यात गट किमान तीनदा पूर्ण दिसला पाहिजे. नुसतं लाल-लाल-निळा दाखवून ‘पुढे काय?’ विचारलं, तर कुठलंही उत्तर चुकीचं म्हणता येत नाही.

मग काड्यांचा संच आला. त्यात २४ साध्या काड्या आणि एक लाल. एकमेकांना चिकटलेल्या चौकोनांची रांग करायची. तीन चौकोनांना किती काड्या? बहुतेक मुलं १२ म्हणतात, मोजल्यावर १० भरतात, कारण मधल्या काड्या दोन चौकोनांत सामाईक आहेत. लाल काडी डावीकडे उभी ठेवली की पुढचा प्रत्येक चौकोन तीनच काड्या मागतो, हे डोळ्यांना दिसतं. स्क्रॅच या ब्लॉक जोडून कोडिंग करायच्या भाषेत तेच उतरतं: ‘काड्या’ हा व्हेरिएबल (बदलती संख्या साठवणारी जागा) १ ठेवा, मग चौकोनांइतक्या वेळा ३ ने वाढवा. काही मुलं ४ पासून सुरुवात करतात. तेही योग्यच, फक्त रिपीट एकाने कमी लागतो. आठ चौकोनांना २५ ऐवजी २८ आले, की तोच एक फेरा जास्त झालेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही त्रिकोणाला देतो. मूल तीनदा १०० पावलं आणि ६० अंश वळण लावतं, आणि आकृती उघडीच राहते; अर्धा षटकोन होतो. ६० हा आतला कोन आहे, वळायचं असतं १२०. फळ्यावर समजावून हे पटत नाही. जमिनीवर चिकटपट्टीचा त्रिकोण करून मुलाला त्यावरून चालवावं: कोपऱ्यावर थांबायचं, हात चालत्या दिशेला सरळ धरायचा आणि पुढच्या बाजूकडे वळायचं. हात किती फिरला ते जोडीदार पाहतो. १९६७ मध्ये तयार झालेल्या लोगो या संगणकभाषेत रेघ काढत फिरणाऱ्या कासवाचं वळणही असंच मोजलं जातं. पडद्यावर मात्र प्रत्येक वळणानंतर अर्धा सेकंद थांबवणारा वेट ब्लॉक हवा, नाहीतर आकृती क्षणात उमटते आणि वळण दिसतच नाही.

आता आम्ही १, ३, ६, १० या जिन्यावर काम करतो: दर पायरीला एक ठोकळा जास्त, आणि तोवरच्या सगळ्या ठोकळ्यांची बेरीज. इथे वाढ स्वतःच वाढते, म्हणून व्हेरिएबल दोन: ‘बेरीज’ ० पासून, ‘पायरी’ १ पासून. आधी बेरजेत पायरी मिळवायची, नंतर पायरी १ ने वाढवायची. क्रम उलटा झाला तर २, ५, ९ येतात. अशा वेळी ब्लॉक लगेच दुरुस्त करून देऊ नयेत. ठोकळ्यांचा जिना मांडायला सांगावा. पहिली, एका ठोकळ्याची पायरीच गायब आहे हे मूल स्वतः दाखवतं.