माझंच वाक्य, तिच्या कपाटात

कंदी पेढा खाऊनसुद्धा दिवसभर तोंड वाकडंच होतं माझं, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय. तसं वाईट काहीच झालं नाही. चांगलंच झालं. माझ्या हाताखाली शिकलेली एक पोरगी आली होती आज आमच्या पतसंस्थेच्या ऑफिसला, सहकार आणि हिशोबाची ती जी.डी.सी. अँड ए. परीक्षा पास झाली म्हणून पेढे घेऊन, सगळ्या टेबलांवर फिरली, मामांनी दोन उचलले आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, तुमी बी घ्या की अजून येक, पेढं काय रोज येत्यात व्हय." सगळं छान चाललं होतं. मग ती माझ्या टेबलाशी आली आणि एकदम वाकून नमस्कारच करायला लागली. मी म्हटलं अगं हे काय, तर म्हणाली, "ताई, तुमच्या त्या एका वाक्यावर झालं हे."

कुठलं वाक्य?

"आजची किर्द आजच."

किर्द म्हणजे आमची रोजच्या जमा-खर्चाची वही. म्हणे ती नवीन लागली तेव्हा मी सांगितलं होतं तिला. तिने ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलंय. रोज सकाळी कपडे काढायला दार उघडलं की समोर. अभ्यासाला बसली की त्या दिवसाचं ठरलेलं त्याच दिवशी संपवायचं, एक पान उद्यावर ढकलायचं नाही, असं तिने त्याचं करून घेतलं. सहा पेपर, अकाउंटपासून सहकार कायद्यापर्यंत, नोकरी सांभाळून, घरी सासू-सासरे, एक पोरगं बालवाडीत. मी "अगं मी कसली, तुझीच मेहनत" वगैरे म्हणाले, जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणाले. फोटो पण काढला. फोटोत मी हसतेय.

मला तेव्हा ते वाक्य आठवतच नव्हतं. दुपारी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, काढत बसले होते, साडेतीनशे रुपयांचा फरक येत होता, तो शोधता शोधता हे आठवलं. आठवल्यापासून जास्त बिनसलंय.

मी तेव्हा कोरेगावहून साताऱ्याला ये-जा करायचे. सव्वासहाची गाडी गेली की पुढची कधी लागेल आणि लागली तर आत उभं राहायला तरी मिळेल का याचा काही भरवसा नाही, आणि घरी आण्णांचं ते सगळं चाललेलं. हिची किर्द पुरी झाल्याशिवाय कॅश बंद होत नाही आणि कॅश बंद झाल्याशिवाय मला हलता येत नाही. त्या दिवशी दारोदार रोजची बचत गोळा करणाऱ्या एका पिग्मी एजंटचा भरणा उशिरा आलेला, दोन व्हाउचरं सापडत नव्हती, आणि ही शांतपणे विचारते, ताई, उद्या सकाळी लवकर येऊन लिहिलं तर चालेल का. मी पर्स खांद्याला लावूनच उभी होते. तेव्हा म्हणाले असेन, आजची किर्द आजच. म्हणाले म्हणजे खेकसलेच असणार, माझा आवाज मला माहितीये. त्यात प्रेरणा-बिरणा काही नव्हती हो, मला एसटी गाठायची होती!

आणि ते वाक्य तरी माझं कुठं. मला आधीच्या साहेबांनी ऐकवलेलं, त्यांना त्यांच्या कुणीतरी ऐकवलं असेल. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जेवढ्या पतसंस्था आहेत तेवढ्यांत नवीन लागलेल्या प्रत्येकाच्या कानावर हे पहिल्याच आठवड्यात पडतं. फुकटचं आहे ते. मग ते तिच्याच कपाटात कसं गेलं? माझ्या का नाही गेलं, मी तर रोज तेच काम करते, रोज संध्याकाळी ती किर्द माझ्याच सहीने बंद होते.

खरं काय टोचतंय ते लिहूनच टाकते. ती परीक्षा मी द्यायची होती. म्हणजे अजून द्यायची आहे असं मी म्हणत असते. पुस्तकं माळ्यावर आहेत. आण्णांचं झालं, मग घर बदललं, मग मुलीची दहावी, मग... जाऊ दे, ती यादी मलाच पाठ झालीय आणि मलाच तिचा कंटाळा आलाय. पण आज ती बोलत होती तेव्हा मला सारखं वाटत होतं की हिने माझ्याकडनं काहीतरी नेलंय. नेलंय कसलं, मी फेकलेलं उचललंय. तरी वाटतं. हेवा म्हणावा तर तोही नीट करता येत नाही, कारण ती पोरगी खरंच गुणी आहे आणि मला ती आवडते.

सुविचारांची मला कमी नाही. मोबाईलमध्ये वेगळा फोल्डर आहे, सूर्योदय, कमळ, धबधबा आणि त्यावर चार ओळी. पहाटे पाचला उठणाऱ्या आत्याबाई रोज पाठवतात, मी पुढे पाठवते, पुढचे अजून पुढे पाठवत असतील. एक डायरी आहे, त्यात कॉलेजपासून उतरवून घेतलेली वाक्यं, काही खाली लाल पेनने रेघ. आज मुद्दाम काढून वाचली. वाचताना छान वाटतं, अजूनही वाटतं. पण एकाही वाक्यात सकाळी उठल्यावर काय करायचं ते लिहिलेलं नाही. स्वप्नं मोठी बघा. स्वतःवर विश्वास ठेवा. बरं, ठेवला, आता? डबा भरू का कणीक मळू?

मध्ये ते २१ दिवसांचं वेड आलं होतं. कुठलीही गोष्ट २१ दिवस केली की सवय लागते म्हणे. मी पण नवीन वर्षाला धरलं, रोज पहाटे अजिंक्यतारा. मंगळाई देवीपर्यंत जायचं, हात जोडायचे, खाली यायचं. साताऱ्यात राहून किल्ला चढत नाही म्हणजे काय, पहाटे तिकडे अर्धा गाव असतो, सत्तरीचे आजोबा मागून येऊन पुढे निघून जातात आणि वर "दमलात काय ताई" म्हणून विचारून जातात. संक्रांतीपर्यंत टिकलं. मग थंडी, मग पाहुणे, मग एक दिवस गेला तो गेलाच, आणि आता २१ पुन्हा पहिल्यापासून मोजायचे म्हणून मोजलेच नाहीत.

नंतर केव्हातरी वाचलं की तो २१ चा आकडा आला कुठून. मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन होता, त्याने १९६० साली लिहिलं की नाकाचं वगैरे ऑपरेशन झालेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात. कमीत कमी आणि साधारण हे दोन्ही शब्द वाटेत गळून पडले आणि कुणाच्या तरी नव्या नाकाचा हिशोब माझ्या गुडघ्यांना लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी नंतर नीट बघितलं, ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट करायला लावून, जेवणाबरोबर फळ खा, पाणी प्या, थोडं पळा, असलं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस, आणि माणसामाणसांत फरक केवढा, तर कुणाला १८ आणि कुणाला २५४. शिवाय मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही निघालं. हे मला त्या जानेवारीत कुणी सांगितलं असतं तर! (तर काय, फेब्रुवारीत सोडलं असतं. असो.)

पण त्यात एक गोष्ट होती ती तेव्हा वाचून सोडून दिली आणि आज पुन्हा आठवली. त्या लोकांनी आपली नवी गोष्ट रोजच्या एखाद्या ठरलेल्या वेळेला बांधून घेतली होती. नाश्ता झाला की अमुक, जेवायच्या आधी तमुक. किर्दीचं तेच आहे की. काउंटर बंद झाला की लिहायची, मूड असो नसो. माझ्या मूडला पतसंस्थेत कोण विचारतंय. मार्च एंडला ताप असताना सुद्धा लिहिलीय मी, आण्णा गेले त्या आठवड्यात सुद्धा... हो, लिहिली. तिने ते काउंटरवरचं उचलून पोरगं झोपल्यानंतरच्या वेळेला लावलं. भांडी घासून झाली की पुस्तक, असं म्हणाली होती ती मघाशी, मी तेव्हा पेढ्याच्या कागदाची घडी घालत होते.

शाळेचं पण आठवलं यावरून. आम्ही सगळे रयत शिक्षण संस्थेच्या शाळेतले, दारावर संस्थेचं चिन्ह वडाचं झाड आणि 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. २२ सप्टेंबरला संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला मी भाषण ठोकायचे, १९१९ ला काले इथे संस्था, १९२४ ला साताऱ्याला आली, वसतिगृह, सगळं तोंडपाठ, आणि शेवटी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं ते सांगायचं, आवाज कापरा करून, तिथे टाळ्या ठरलेल्या. बक्षीस पण मिळालंय. आज पहिल्यांदा डोक्यात आलं की मंगळसूत्र एकदा मोडता येतं, दुसऱ्या दिवशी काय? दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पोरं, तीच भूक, तोच पाटा-वरवंटा. त्या बाईने रोज उठून काय म्हटलं असेल स्वतःला? मोठं काही म्हटलं असेल असं मला तरी वाटत नाही, आज भाकरी किती लागतील एवढंच मोजलं असेल. आणि कर्मवीरांचं ते 'कमवा आणि शिका', ते भिंतीवर लिहायचं वाक्य म्हणून आम्ही वाचलं, पण ज्या पोरांना ते सांगितलं त्यांना त्यात सरळ काम सांगितलेलं होतं, शेतात इतके तास, मग वर्गात. प्रेरणा कुठनं येणार याची वाट बघत बसायला त्यांना जागाच नव्हती.

हे सगळं मला कळतं. नेहमीच कळतं. कळण्यात मी पहिल्यापासून पुढे.

संध्याकाळी हे आले, त्यांना सगळं सांगितलं, नमस्काराचं, कपाटाचं, सव्वासहाच्या गाडीचं. मला वाटलं काहीतरी धीराचं बोलतील. चहा फुंकत फुंकत म्हणाले, "म्हंजे पेढा कोरेगाव डेपोला द्यायला पाहिजे होता." मी रागाने बघितलं आणि मग मलाच हसू फुटलं, एवढं की मुलीने आतून येऊन विचारलं काय झालं. काय सांगू काय झालं. दिवसभर मी त्या वाक्याची मालकीण असल्यासारखी रुसून बसले होते आणि खरी मालकीण ती खडखडणारी लाल गाडी, जिच्या खिडकीची काच कधी लागायची नाही!

एकदा वाटलं तिला फोन करून सांगावं, अगं मला तेव्हा घरी जायचं होतं, बाकी काही नव्हतं. मग विचार केला कशाला. सहा पेपर निघालेत त्याच्यावर. कागद काढून टाकेल बिचारी. तसंही साहेब मला हे बोलले तेव्हा त्यांच्या डोक्यात काय होतं मला कुठं माहितीये, त्यांना पण भाजी घेऊन घरी जायचं असेल.

मेसेज मात्र केला, पुन्हा अभिनंदन, आणि पुढे जरा थांबून, फॉर्म कधी सुटतात गं यंदाचे. मुद्दाम सहज विचारल्यासारखं, भाचीसाठी विचारतेय असं वाटेल असं. पण ती काय वेडी आहे? दोन मिनिटांत भला मोठा व्हॉइस मेसेज. तारीख बघून कळवते, आणि ताई तुम्ही अकाउंटला हात लावू नका, ते तुमचं रोजचंच आहे, तुम्ही आधी कायदा घ्या, आणि मोठ्याने वाचा, मनात वाचलं की झोप येते, आणि जुनी पुस्तकं वापरू नका हां. सूचनांवर सूचना. ही माझ्या हाताखाली शिकली आणि आता मला सांगतेय मोठ्याने वाचा म्हणून. आवाज पण कसा, थेट माझ्यासारखा, पर्स खांद्याला लावून उभी असल्यासारखा.

पुस्तकांचं ती म्हणाली ते खरं आहे पण. ह्यांना स्टूल धरायला लावून माळ्यावरनं काढली मघाशी. माझी २०१० ची आहेत, त्यानंतर सहकारी संस्थांबद्दलची ९७ वी घटनादुरुस्ती झाली, २०१३ ला १९६० च्या सहकार कायद्यात केवढे बदल झाले, कामात ते सगळं हाताखालनं गेलंय पण पुस्तकात नाही. वर एका कोपऱ्याला वाळवी पण लागलीय. नवीन घ्यावी लागतील, त्यात मुलीच्या क्लासची फी याच महिन्यात. राजपथावरच्या दुकानात जुना सेट मिळतो का ते शनिवारी बघते, नाहीतर तिचाच मागून घेईन, रेघा मारलेला असला तर बरंच.