खरवडलेल्या रंगाखालचे साल

रविवार, रात्रीचे साडेनऊ

आज सकाळी सहाला आम्ही सातजण शाळेच्या आवारातले जुने विमान पूर्ववत करण्याच्या कामासाठी जमलो आणि साडेदहाला काम आवरते घेतले, कारण त्यानंतर विमानाच्या पत्र्यावर तळहात टेकवणे शक्यच नव्हते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये धातूचे काम पहाटेच करावे लागते. मी बँकेत नोकरी करणारी बाई असल्यामुळे माझ्या हाती हत्यार कमी आणि नोंदवही जास्त असते. कोणता स्क्रू कुठून निघाला, कोणत्या डबीत गेला आणि त्याची लांबी किती, हे सारे मी लिहून ठेवते.

आमचे विमान म्हणजे एकआसनी नॅट. मी पाचवीत असताना ते या आवारात चौथऱ्यावर आले आणि मधल्या सुट्टीत त्याच्या चाकाला हात लावून पळण्यात आमचे बालपण गेले. पंखांचा विस्तार जेमतेम 22 फूट असलेले हे विमान लढाऊ असेल, यावर तेव्हा विश्वास बसत नसे. पेटर या इंग्रज अभियंत्याने ते मुद्दामच लहान, हलके आणि स्वस्त आखले होते. ब्रिटनच्या हवाई दलाने त्याची दोनआसनी प्रशिक्षण आवृत्ती तेवढी स्वीकारली. एकआसनी नॅट मोठ्या संख्येने वापरले ते भारताने आणि त्यांतली बरीच बेंगळुरूला बांधली गेली. 1965 च्या सप्टेंबरात त्याने पाकिस्तानच्या सेबर विमानांशी झुंज दिली, 22 नोव्हेंबर 1971 रोजी पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयऱ्याच्या आकाशात पुन्हा दिली, आणि त्याच वर्षी 14 डिसेंबरला श्रीनगरवर एकटे लढताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों यांना वीरमरण आले, तेही नॅटमध्येच. आमचे विमान यांपैकी कोणत्या लढाईत होते, असे विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे कागदपत्र आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही कोणत्याही लढाईचे नाव त्याला चिकटवत नाही.

आजचा अर्धा वेळ जुन्या दुरुस्तीने खाल्ला. मागे कधीतरी एका ठेकेदाराने पंखाच्या मुळाशी सुटलेला पत्रा लोखंडी नटबोल्टांनी आवळला होता. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला लोखंड भिडले आणि मध्ये ओल साठली की लोखंडाआधी अॅल्युमिनियमच खाल्ले जाते. इथे तर पाणी निघून जाण्याची भोके चिमण्यांच्या घरट्यांनी आणि धुळीने बुजलेली होती. बोल्ट काढताच बोटभर रुंदीच्या पट्ट्यातून पिठासारखी पांढरी भुकटी गळली आणि पत्रा कागदासारखा फाटला. एका मुलाने तत्परतेने तारेचा ब्रश उचलला, तो सार्जंटसाहेबांनी त्याच्या हातातून काढून घेतला. पोलादी तारेचे कण पत्र्यात रुतले की तोच रोग नव्याने सुरू होतो, म्हणून आमच्याकडे फक्त नायलॉनचे ब्रश चालतात.

सार्जंटसाहेब चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि हवाई दलात त्यांनी तरुणपणी नॅटच्या सांगाड्याचेच काम केलेले आहे. यंत्रमागावर चाळीस वर्षे जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर म्हणून काढलेले शहराच्या पूर्व भागातले मामा हे आमचे दुसरे आधारस्तंभ. मामांनी आयुष्यात विमानप्रवास केलेला नाही. गेल्या वर्षी होटगी रस्त्यावरून गोव्याचे विमान सुरू झाले, तेव्हा ते कुंपणाबाहेरून पाहून परत आले. पण रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळी, काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण करायची, डोके तुटेल इतकेच ड्रिल करायचे, आणि उरलेला दांडा मागे ठोकळा धरून पंचने हलकेच बाहेर काढायचा, म्हणजे मूळ भोक मोठे होत नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी पहिल्या रविवारी नऊ भोके वाकडी केली होती. मामांनी आजवर एकही केलेले नाही. चाकांचे पाय हवेत अर्धवट खाली सोडले की तेच या विमानाचे ब्रेक होतात, हे कळल्यावर ते म्हणाले, "अक्का, ज्याने हे बांधलं त्याला पैशाची किंमत ठाऊक होती."

कॉकपिटमधली दोन घड्याळे मात्र आम्ही उघडली नाहीत. जुन्या विमानांत काट्यांवर रेडियमचा रंग असे. त्यातली चमक विझली तरी किरणोत्सर्ग उरतो, कारण रेडियम निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात. ती पिशवीत बंद करून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहेत. त्यांचे पुढे काय करायचे ते जाणकाराला विचारूनच ठरेल.

खरा वाद रंगाचा आहे आणि तो तीन रविवार चालला. मुलांना विमान 1965 सारखे चकचकीत चंदेरी हवे होते, सार्जंटसाहेबांना 1971 चे हिरवे-तपकिरी हवे होते. मला, लिहायला संकोच वाटतो, माझ्या लहानपणीचेच हवे होते, म्हणजे शाळेने फासलेल्या चंदेरी ऑइलपेंटचे. शेवटी आज नाकाजवळ तळहाताएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने गोल गोल घासली, तेव्हा झाडाच्या बुंध्यावर दिसावीत तशी वर्तुळे उघडी पडली. सर्वांत वर शाळेच्या चंदेरीचे तीन हात, खाली फिकट झालेला हिरवा, त्याखाली पिवळसर अस्तर आणि मग उघडा धातू. हे विमान हवाई दलातून बाहेर पडले तेव्हा हिरवे होते, एवढे निश्चित झाले, आणि माझ्या मते मतदानाची गरज तिथेच संपली. ज्या साली ते कसे होते याचा पुरावा त्याच्याच अंगावर आहे, त्या सालाशीच प्रामाणिक राहावे.

तरीही बाजूवरचे गोल चिन्ह खरवडताना माझा हात अडला. हवाई दलाच्या चिन्हात केशरी आत आणि हिरवा बाहेर असतो. आमच्या चित्रकलेच्या सरांनी मात्र झेंड्याचा क्रम मनात धरून केशरी बाहेर आणि हिरवा आत रंगवला होता. सार्जंटसाहेबांना ही चूक पहिल्या दिवसापासून खुपत होती. सर आता नाहीत. चंदेरी थर निघाल्यावर चिन्हाच्या मध्यात पत्र्याला पडलेले एक बारीक छिद्र दिसले. दोरा बांधून वर्तुळ काढण्यासाठी सरांनी तिथे चक्क खिळा ठोकला असावा. लढाऊ विमानाला खिळा! सार्जंटसाहेब बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले आणि मग छिद्र भरून टाकायला सांगून हात धुवायला गेले. मामांनी पट्टी लावून चारही बाजूंनी मोजले, तर खालच्या थरातल्या जुन्या चिन्हाचा मध्य आणि खिळ्याचे छिद्र यांत फरक दोन मिलिमीटरचाही नव्हता.

सार्जंटसाहेब परतल्यावर त्यांना पट्टी दाखवली. त्यांनी स्वतः पुन्हा मोजले आणि छिद्र तूर्त भरू नये असे मला नोंदवहीत लिहायला लावले. पुढच्या रविवारी मामा घरून सुताचे रीळ आणणार आहेत.