पुणे ते इरुंगट्टुकोट्टई: जुनी आरएक्स १०० शर्यतीला नेताना

पुण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू आणि वेल्लोर करत चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरकडे उतरतो, आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक याच महामार्गालगत इरुंगट्टुकोट्टईला आहे. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि रस्ता एकदाही बदलावा लागत नाही. आम्ही पिकअपमध्ये यामाहा आरएक्स १०० बांधून ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीसाठी निघालो. गाडी चालवणार होता माझा भाचा, आणि इंजिनाची जबाबदारी माझ्याकडे होती.

दोन-स्ट्रोक इंजिनाची आरएक्स १०० भारतात १९८५ साली आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह, चार गिअर आणि ११ अश्वशक्ती एवढाच तिचा कागदावरचा परिचय आहे. परंतु सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह असल्यामुळे तो पुन्हा पुन्हा बोअर करता येतो आणि पोर्टचे (सिलिंडरच्या भिंतीतल्या, वायूची ये-जा होणाऱ्या खिडक्यांचे) काम हाताने करता येते, म्हणून हौशी माणसाला शिकण्यासाठी यापेक्षा चांगले इंजिन मला तरी माहीत नाही. आम्ही क्रँकच्या एका फेरीत एक्झॉस्ट पोर्ट १८६ अंश आणि ट्रान्सफर पोर्ट १२६ अंश उघडे राहतील असे घासले. म्हणजे ताजे मिश्रण आत येण्यापूर्वी जळालेल्या वायूला बाहेर पडायला ३० अंश मिळतात. पिस्टन आणि हेड यांच्या कडेची फट प्लगच्या भोकातून सोल्डरची तार घालून मोजली. इंजिन हाताने एक फेरी फिरवून बाहेर काढलेली तार टोकाला ०.९ मिलिमीटर भरली, तेव्हा समाधान झाले.

सिलिंडरचे बोअरिंग आणि एक्स्पान्शन चेंबरचे (फुगीर एक्झॉस्ट नळीचे) शंकू आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतले होते. या चेंबरला शास्त्राची बैठक दिली ती पूर्व जर्मनीत एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन यांनी. १९६१ साली त्यांचे १२५ सीसीचे इंजिन लिटरमागे २०० अश्वशक्तीपर्यंत पोहोचले होते. त्यामागचा हिशेब मात्र वहीत मावणारा आहे. मिनिटाला ९,५०० फेऱ्यांवर १८६ अंश म्हणजे सुमारे ३.३ मिलिसेकंद होतात. तापलेल्या वायूतून दाबाची लहर सेकंदाला सुमारे ५२० मीटर वेगाने धावते आणि तिला पोर्ट बंद होण्याच्या आत जाऊन परत यायचे असते, म्हणून पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत सुमारे ८५ सेंटिमीटर लांबी ठेवावी लागते. परतलेली लहर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, आणि गाडी एकाएकी उठते ती याच क्षणी.

प्रवासात जेटिंगचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटचे माप ठरवण्याचा, विचार आधीपासून करावा लागतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर, बंगळुरू ९२० मीटर आणि ट्रॅक मात्र जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. खाली हवा सहा टक्क्यांच्या आसपास दाट होते, त्यामुळे पुण्यात बरोबर बसलेले जेट तिथे पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले) मिश्रण देते; दुपारच्या उन्हात यातला काही फरक भरून निघतो, परंतु सकाळच्या पहिल्या फेरीत तो पूर्ण जाणवतो. त्यात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल त्याच जेटवर आणखी पातळ जळते. जेट ज्या पेट्रोलवर बसवायचे तेच शर्यतीला वापरावे. आमच्या २४ मिलिमीटरच्या मिकुनी कार्बोरेटरवर पुण्यात १६५ चे मेन जेट होते. ट्रॅकवर आम्ही १७५ ने सुरुवात केली. नेहमी मोठ्या जेटपासून खाली यावे. उलट दिशेने गेल्यास चुकीची किंमत पिस्टन देतो.

इतकी काळजी घेऊनही पहिल्या दिवशी पिस्टन धरलाच, म्हणजे तापून सिलिंडरला चिकटला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर भाचा म्हणाला, "मामा, थ्रॉटल सोडला तरी गाडी लगेच उतरत नाहीये." मी ते जेटिंगचे लक्षण मानले आणि मिश्रण दाट व्हावे म्हणून कार्बोरेटरची नीडल एक खाच वर घेतली. तिसऱ्या फेरीत तीनशे मीटरच्या आसपास इंजिनाचा आवाज अचानक पातळ आणि कोरडा झाला, आणि त्याने तत्काळ क्लच दाबला म्हणून मागचे चाक अडकले नाही. दोन-स्ट्रोक गाडीवर बसणाऱ्याची दोन बोटे शेवटपर्यंत क्लचवर असली पाहिजेत, हे मी त्याला पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे.

सिलिंडर उतरवल्यावर एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर दोन उभे ओरखडे आणि स्लीव्हवर चिकटलेले अॅल्युमिनियम दिसले. खरा दोष मात्र डाव्या बाजूला होता. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे चुंबकी चाक) काढल्यावर स्टेटर प्लेटच्या मागे तेलाचा ओला चंद्रकोरी डाग होता आणि क्रँकच्या ऑइल सीलची ओठासारखी कड बोटाने दाबून पाहिली तर नखासारखी कडक लागली. वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेले सील मी नवे समजून बसवले होते. तिथून हवा आत शिरत होती, आणि अशी हवा कोणत्याही जेटने भरून काढता येत नाही, कारण तिचे प्रमाण दर फेरीला बदलते.

हे पुण्यातच कळले असते. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी पट्टी व पत्र्याने बंद करून, रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचा फुगा आणि मीटर एका नळीने जोडावे आणि काटा ३०० वर नेऊन पाच-सहा मिनिटे थांबावे. काटा खाली येऊ लागला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. मी ही चाचणी मागच्या इंजिनाला केली होती, या वेळी निघायच्या घाईत सोडली, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मॅग्नेट ओढून काढायचे अवजार, म्हणजे मॅग्नेट पुलर, रात्री शेजारच्या चमूने दिले होते. आम्ही बारीक पॉलिश पेपरने स्लीव्ह साफ केली, जवळचे दुसरे सील आणि पिस्टन-रिंग बसवले, आणि तंबूतच फुगा लावून काटा स्थिर असल्याची खात्री केली. दुसऱ्या दिवशी १७० च्या जेटवर प्लगचा रंग चॉकलेटी आला आणि वेळ पहिल्या दिवसापेक्षा चार दशांश सेकंदांनी सुधारली.

जाणाऱ्यांनी मुक्काम चित्रदुर्गला करावा. दुसऱ्या दिवशी दुपारी आंबूरला जेवून संध्याकाळपर्यंत पोहोचता येते. टाकी रिकामी करूनच गाडी चढवावी, आणि रॅचेट पट्टे पुढचा फोर्क पूर्ण दबेल इतके आवळू नयेत, नाहीतर दोन दिवस दबून फोर्कची सीले गळू लागतात. गाडीचे आरसी पुस्तक पिकअपच्या कागदांसोबत ठेवावे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या परवान्याचे काम शर्यतीच्या बरेच आधी सुरू करावे आणि आपल्या गटाचे नियमपत्रक इंजिनाला हात लावण्यापूर्वी वाचावे. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस असतो, म्हणून ताडपत्री लागतेच. गाडीच्या ऑइल पंपाऐवजी पेट्रोलमध्येच तेल मिसळत असाल, तर आम्ही लिटरला ४० मिलिलिटर ठेवतो. मात्र शेवटची रेषा ओलांडल्यावर थ्रॉटल मिटला की पेट्रोलसोबत तेलही थांबते, तेव्हा त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन मोकळे करावे. आणि मॅग्नेट पुलर स्वतःचा न्यावा. आमचा आता पिकअपच्या पेटीतच असतो.