वही कशाला भरता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इथे बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मैत्रिणी विचारतात, शेजारचे काका "बेन, आटलुं बधुं शुं लखो छो?" म्हणतात, आता जावईही विचारू लागलेत. परदेशी जायचं ठरलं की तीन-तीन महिने वही कसली भरता? सगळं इथेच वाचून टाकल्यावर तिथे बघायला उरतं काय?

उरतं हो. पण त्यासाठी अनारशांची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती मी आजवर टाळत आले.

पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा वही नव्हती. लेक तिथे राहते, निम्म्या सोसायटीचं कोणी ना कोणी तिथे आहे, तो कसला परका देश? आईने दांडिया बाजारच्या घरी अनारसे केले. वय अठ्ठ्याहत्तर. तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, सावलीत वाळवून कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं. तीस अनारसे, जाळी पडलेले, स्टीलच्या डब्यात रचून दिले.

एक्स्प्रेसवेवर आणंद मागे पडलं आणि लेकीचा फोन आला. "आई, आजीच्या अनारशांना खसखस नाहीये ना?"

नसेल कशी? अनारसा थापतातच खसखशीवर. पण खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, आणि अमिरातीत ती न्यायला बंदी. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात मिळते, तिथे ती अमली पदार्थांच्या यादीत.

अहमदाबादला विमानतळाच्या पार्किंगमध्ये बॉनेटवर डबा उघडला. चमच्याने खरवडून पाहिलं. तळलेली खसखस कुठली निघायला! अनारसा मोडतो, खसखस जागेवरच. असे तीन मोडले. हे म्हणाले, दोन-चार तरी नेऊ, कोण बघतंय. मी घाबरले होते, आणि त्याहून जास्त मला स्वतःचा राग आला होता. शेवटी डबाच ड्रायव्हरला दिला. त्याने तिथेच एक तोंडात टाकला. "बाने कहेजो, बहु सरस छे." मी हातरुमाल झटकला, नखं तपासली, पर्स उलटी करून पाहिली.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "मोडले नाहीत ना प्रवासात?"

"नाही गं."

"आवडले का?"

"एक उरला नाही."

त्यानंतर ती येईल त्याला सांगते, माझे अनारसे दुबईला जाऊन आले.

तेव्हाची मी अजून माझ्याशी वाद घालते. वेळेवर फोन आला, निभावलं, वही कशाला हवी? निभावलं खरं, पण आईचं आठवडाभराचं कष्टाचं काम गेलं. आधी कळलं असतं तर तिने तिळावर थापले असते.

म्हणून जपानच्या वेळी दोनशे पानी वही घेतली. वीज 100 व्होल्टची, घरची किटली तिथे तापायला दिवस घेईल. मिसो सूपच्या पाण्यातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क, तेव्हा "मांस नको" एवढं म्हणून भागत नाही. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रीन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर ती नेता येत नाही. आणि जेवायच्या काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, एकाच्या काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा हातोहात देतात. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ बसून राहिले. तिथे माणसं जेवताना बघितली तेव्हा त्यांच्या हातांकडे माझं वेगळंच लक्ष होतं. बघायचं कमी कुठे झालं?

एवढं मात्र कबूल करते. क्योटोजवळच्या लोकलमध्ये समोरच्या आजींनी मला एक संत्रं पुढे केलं. दोन्ही हातांनी घ्यायचं, मान किती लववायची, परत काही द्यायला हवं का, पर्समध्ये चिक्की आहे, त्यात शेंगदाणे, चालतील का... माझी वही मनात फडफडत होती तोवर त्या उतरून गेल्या. संत्रं माझ्या हातात होतं. त्यांचा चेहरा मला आठवत नाही.

मैत्रिणींना हे सांगितलं असतं तर त्या जिंकल्या असत्या. म्हणून नाही सांगितलं.

या दिवाळीला पुन्हा दुबई आहे. आईने मला न विचारताच तांदूळ भिजत घातलेत. आज दुसरा दिवस. खसखशीचं वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, लाल शाईने. तिला अजून सांगायचंय.