खोका लहान होता

बँकेत चोवीस वर्षं झाली, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. चेहरा विसरते, सही विसरत नाही. कोणाच्या 'पाटील'मधला प वळणावर अडखळतो, कोण रिटायर झाल्यापासून सहीखाली दोनाऐवजी तीन टिंबं द्यायला लागलंय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे त्या शनिवारी एक विड्रॉल स्लिप मी परत सरकवली, तेव्हा मनात तिळमात्र शंका नव्हती. सही जुळत नव्हती.

१७ ऑगस्ट २०२४. तिसरा शनिवार, म्हणजे बँक चालू. सोमवारी राखी. आणि त्याच आठवड्यात लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून तीन हजार, खात्यांवर पडायला लागलेले. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची आमची शाखा. रांग दारातून जिन्यावर आणि जिन्यावरून खाली चपलांच्या दुकानापर्यंत. टोकन मशीन असूनही रांग, कारण टोकनवर आपल्याकडे कोणाचाच विश्वास नसतो. बाहेर रिपरिप, आत गळणाऱ्या छत्र्या. "पैसं आल्यात का बघा की वो मॅडम," हे सकाळपासून शंभरदा ऐकून झालेलं. आणि डोक्यावर ते मशीन: टिंग, टोकन क्रमांक अमुक, काउंटर क्रमांक तमुक. आम्हाला ते ऐकूही येत नाही आता.

तो पुढे आला. बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, शर्टाची गळ्याशी गुंडी लावलेली. गळ्यात कान झाकायचे पिवळे मफ, खडी क्रशरवरची माणसं लावतात तसले. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याकडे न बघता माझ्या वरच्या पाटीकडे बघून म्हणाला, "नमस्कार, तीन नंबर."

मागे त्याची आई उभी होती. मी त्याच्या खांद्यावरून तिलाच विचारलं, "ताई, किती काढायचेत याला?"

"त्यालाच विचारा. खातं त्याचं आहे."

मला ते बोलणं लागलं. एवढ्या गर्दीत हे कसले मान-अपमान, असं वाटलं. स्लिपवर पंधराशे रुपये लिहिले होते, आकड्यात आणि अक्षरात, छापल्यासारखे. सही म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, पूर्ण, एका ओळीत, आणि वर एकच लांब शिरोरेषा, फूटपट्टीने मारावी तशी. स्क्रीनवरची नमुना सही वेगळी होती. अक्षरं दाटीवाटीची, आडनाव खालच्या ओळीत, शिरोरेषेचे दोन तुकडे.

"पुन्हा करा," मी म्हटलं. त्याने केली. आधीच्या सहीसारखी नव्हे, तीच. एकावर एक ठेवली असती तर रेघ हलली नसती. तिसऱ्यांदाही तीच. खरं तर इथेच माझ्या ध्यानात यायला हवं होतं. खोटी सही करणारा कधी तीनदा एकसारखी करत नाही, हे मीच नव्या पोरांना शिकवते.

"अहो, जरा मोकळ्या हाताने करा ना."

त्याने दोऱ्याला बांधलेलं पेन खाली ठेवलं. पासबुक बाजूला ठेवलं. दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले. "हात मोकळे आहेत. आता कशाने करू?"

रांगेत हशा पिकला. मला वाटलं, पोरगं चेष्टा करतंय. "एक मिनिट थांबा," म्हणून मी स्लिप उचलली आणि केबिनमध्ये गेले.

आमचे मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी म्हटलं, सर, मुलगा जरा तसा आहे, सही जुळत नाही, गार्डियन लागेल, आईला सर्टिफिकेट आणायला सांगते. ते म्हणाले, "मॅडम, कुठल्या नियमाने?" मला सांगता येईना. इतकी वर्षं आम्ही हे असंच बोलत आलो होतो. नियम कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधायला सुरुवात केली, मीही खुर्ची ओढून बसले.

नियम होते, आणि चांगले होते. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा: ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या सज्ञान माणसाला पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती नेमते, आणि तिचं प्रमाणपत्र बँकेने मान्य करायचं. पण ते गरज असेल तर. समिती अर्जात हेही तपासते की याला पालकाची गरज आहे का आणि कशापुरती. मग २०१६चा दिव्यांग हक्क कायदा. त्यात आधीच्या सात प्रकारांचे एकवीस झाले, ऑटिझम आणि वाचन-लेखनातली अक्षमताही त्यात आली. त्याचं तेरावं कलम मॅनेजरांनी मोठ्याने वाचलं. मालमत्ता बाळगण्याचा, आपले पैशांचे व्यवहार आपण सांभाळण्याचा, कर्ज घेण्याचा हक्क इतरांइतकाच.

आत आम्ही त्याचे हक्क वाचत होतो आणि बाहेर आमच्या गार्डने त्याचा दंड धरला होता.

ते मला नंतर कळलं. भिंतीवरच्या घड्याळात साठ सेकंद होताच तो म्हणाला होता, "एक मिनिट झालं." मग दोन झाली. मग तीन. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या, कोणीतरी छत्रीचं टोक पुढे केलं. गार्ड मनाने भला माणूस, निवृत्त फौजी. त्याने रांग पुढे सरकावी म्हणून मुलाला हाताला धरून बाजूला घेतलं. मी आवाज ऐकून बाहेर आले तेव्हा तो काउंटरखाली फरशीवर बसला होता, मफ कानांवर घट्ट दाबलेले, पुढे-मागे झुलत, मूठ स्वतःच्या गुडघ्यावर आपटत. "अकरा मिनिटं. अकरा मिनिटं."

आई त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हती. ती त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, गर्दी मागे रेटत होती. "लांब व्हा. हात लावू नका. बघू नका." कोणीतरी म्हणालं, एवढं घोड्याएवढं पोरगं अन् असा हट्ट. तिने तिकडे लक्षही दिलं नाही. मला बघून म्हणाली, "तो टिंगटिंग बंद होतो का?"

चोवीस वर्षांत मी ते मशीन बंद केलं नव्हतं. बटण कुठे आहे तेच माहीत नव्हतं. शेवटी शिपायाने प्लग उपटला. पंखे आणि पाऊस एवढाच आवाज उरला. मग गर्दीतलीच एक म्हातारी, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेली, खेकसली, "गप ऱ्हावा की गं. पोराला दम खाऊ द्या." बायका भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. काहींना हसू येत होतं, काहींना उशीर होत होता, सगळ्यांना दया आली असं काही झालं नाही. एकजण तर मॅनेजरांना भेटून तक्रारही करून गेली.

आठ-नऊ मिनिटांनी मूठ थांबली. मग झुलणं. तो उठला, शर्ट नीट केला, पुन्हा तीन नंबरसमोर येऊन उभा राहिला. जणू रांगेतला त्याचा नंबर आत्ता आला होता.

हट्टाचं मी नंतर त्याच्या आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "हट्ट असला की मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतं, आपल्याकडे कोण बघतंय. याला कोणी बघायलाच नको असतं." आणि ते 'स्वमग्न' म्हणतात ना, तो शब्द तिला अजिबात आवडत नाही. "स्वतःतच मग्न असता तर तुमच्या शाखेतल्या सगळ्या पाट्या पाठ कशा असत्या?"

पण त्या दिवशीचा प्रश्न सहीचा होता आणि तो अजून तिथेच होता. मी तिला हळूच सर्टिफिकेटबद्दल विचारलंच. ती म्हणाली, "माझ्या ओळखीतल्या दोघींनी काढलंय. त्यांच्या मुलांना लागतं. मी मुद्दाम नाही काढलं. काढलं की सही माझी होते."

मग मी कपाटातून खातं उघडल्याचा मूळ फॉर्म काढून आणला. चार वर्षांपूर्वीचा, तो अठराचा झाला तेव्हाचा. पहिल्यांदाच त्याच्याशी बोलले, आईशी नाही. फॉर्म त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ही सही तुमची का?"

"माझी."

"मग आजची वेगळी का?"

त्याने फॉर्मवरच्या सहीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "खोका लहान होता." मग स्लिपवर बोट ठेवलं. "इथे खोका नाही."

फॉर्मवर छापलेलं असतं, सही चौकटीच्या आत करावी. त्याने ती आत केली होती. नाव मावत नव्हतं म्हणून दोन ओळी, म्हणून शिरोरेषेचे दोन तुकडे. स्लिपवर नुसती रेघ असते, तिथे मोकळी जागा, म्हणून एक ओळ. आम्ही सगळे त्या चौकटीबाहेर बिनदिक्कत पाय काढतो. माझ्या स्वतःच्या सहीची शेपटी तर शेजारच्या रकान्यात जाते.

मी ड्रॉवरमधून पट्टी काढली, फॉर्मवरची चौकट मोजली आणि नव्या स्लिपवर शिसपेन्सिलने तेवढीच चौकट आखली. त्याने पेन घेतलं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, खाली आडनाव. मग वरची शिरोरेषा, मग खालची. सव्वा मिनिट लागलं. मी स्क्रीनकडे पाहिलं, स्लिपकडे पाहिलं. चोवीस वर्षांत इतकी तंतोतंत जुळलेली सही मी बघितलेली नाही.

पाचशेच्या तीन नोटा दिल्या. त्याने त्या गांधीजींचा चेहरा वर, एकाच दिशेला अशा लावल्या. मी सहज विचारलं, काय घेणार एवढ्या पैशांचं?

"ओवाळणी. बहिणीला पंधराशे द्यायचे. टीव्हीवर सांगितलं."

मागची म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. या खेपेला तो हशा वेगळा होता, आणि त्यालाही बहुतेक तो कळला, कारण मफ त्याने गळ्यातच राहू दिले.

पैसे त्याचे स्वतःचे होते. गावाबाहेर भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, तिथे तो ट्रेमध्ये कोकोपीट भरतो. एका ट्रेला एकशे चार खण. मालक म्हणतो, याच्या ट्रेमध्ये एक खण कधी अर्धवट सापडला नाही.

त्यानंतर आम्ही फार मोठं काही केलं नाही. नवी नमुना सही घेतली, दोन्ही प्रकारची. शनिवारऐवजी मंगळवारी दुपारी तीननंतर या असं सुचवलं, तेव्हा शाखेत चिटपाखरू नसतं. मशीनचा आवाज मात्र कायमचा कमी केला आणि पेन्शनर मंडळींनी त्याचे आभार मानले, त्यांना तो आधीपासून नकोच होता. गार्डला आईनेच सांगितलं, हात लावण्याआधी समोर येऊन बोला. मला सगळ्यात जड गेलं ते 'एक मिनिट' सोडणं. ते माझ्या तोंडातलं वाक्य नाही, श्वास आहे. आता घड्याळ बघून सांगते, तीन वाजून बारा मिनिटांनी होईल. गंमत म्हणजे बाकीची गिऱ्हाइकंही हल्ली कमी चिडतात.

आणखी एक झालं. माझ्या शाळेत एक मुलगा होता, अक्षरं उलटी काढायचा. गुरुजी त्याला 'ढ' म्हणून पट्टीने मारायचे, आम्ही हसायचो. आज त्याचं गॅरेज आहे, इंजिनचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. बँकेत येतो तो लेकीला घेऊन. स्लिप ती भरते, तो फक्त सही करतो. "लेकीला राबवतोस होय रे," असं मी त्याला इतक्यांदा चिडवलंय, की आता ते परत कसं घ्यायचं ते कळत नाही. अजून काही बोललेले नाही. स्लिप मीच भरून ठेवते.

गेल्या वर्षी, २०२५ला, राखी नेमकी दुसऱ्या शनिवारी आली. बँक बंद. तो आधीच मंगळवारी हजर. माझी तोवर पाच नंबरवर बदली झाली होती आणि तीनवर नवी मुलगी बसली होती. तो तीनसमोर गेला, पाटी वाचली, तिच्याकडे पाहिलं, मग हॉलभर नजर फिरवून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या पाटीकडे बराच वेळ बघत राहिला.

"तीन नंबर आज पाच नंबरवर," असं स्वतःशीच म्हणून त्याने स्लिप सरकवली. पंधराशे. पण हात स्लिपवरून उचलेना.

"टीव्हीवर एकवीसशे सांगितलं होतं."

निवडणुकीच्या वेळचं ते. मी म्हटलं, सांगितलं होतं खरं, पण अजून झालेले नाहीत.

"कधी होणार?"

घड्याळाकडे बघून सांगण्यासारखं ते नव्हतं. "मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, पंधराशे मोजून घेतले, गांधीजी एका दिशेला लावले. "झाले की सांगा, तीन नंबर," म्हणाला आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघून गेला.