तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याचं यंत्र पांढरीवर कशाला?

तापीकाठच्या शिवारात आम्ही खुंट्या ठोकून वायर पसरली की बांधावरून विचारणा होते, “भाऊ, पानी कितला फुटवर लागी?” प्रश्न रास्त आहे. खानदेशात जमिनीत वीज सोडणारी माणसं बोअरची जागा पाहायलाच येतात. आम्ही पांढरीवर, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावाच्या मातीच्या टेकाडावर, ते गाव शोधतोय असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: पाण्याच्या यंत्रात गाव कसं दिसेल?

खरं तर यंत्राला दोन्ही दिसत नाहीत. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधला व्होल्टेज मोजायचा, एवढंच काम. ओल्या काळ्या मातीतून वीज सहज जाते, दगडी पायाशी अडते. खुंट्या एकमेकींपासून जितक्या लांब, तितकं खोलवरचं कळतं. पाण्यासाठी वायर शे-दोनशे मीटर पसरतात. आम्ही खुंट्या अर्ध्या मीटरवर रोवतो, कारण आम्हाला हवं ते नांगराच्या तासाखाली हात-दोन हातांवरच असतं. इंग्लंडमध्ये रिचर्ड ॲटकिन्सन यांनी 1946 साली पुरातत्त्वासाठी ही पद्धत वापरली, तेव्हापासून ती रुळली. आपल्याकडे वेळ मात्र सांभाळावी लागते. मे महिन्यात भेगाळलेल्या रानात खुंटी मातीला नीट टेकतच नाही. केळीच्या बागेत ठिबकच्या ओळींचेच पट्टे नकाशावर उमटतात.

जमिनीतल्या चुंबकत्वाचे फरक टिपणाऱ्या चुंबकीय यंत्राचं काम मला जास्त आवडतं, आणि ते खानदेशातच का आवडतं तेही सांगतो. तापलेल्या मातीतलं मॅग्नेटाइट 580 अंश सेल्सिअसपलीकडे आपलं चुंबकत्व हरवतं आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून बसतं. म्हणून कुंभाराची भट्टी, भाजकी वीट, लोहाराची जागा शेकडो वर्षांनीही ओळखू येते. अडचण आपल्या काळ्या दगडाची. हा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय. चाळीसगावकडे पाटण्याच्या डोंगराखाली खडक वरच असेल तिथे यंत्रात नुसता कल्लोळ उठतो. यावल-रावेरच्या तापीकाठी मात्र बारीक गाळाचा जाड थर आहे, खडक खूप खाली. सातपुड्याचा पायथा सोडून मोकळ्या गाळात काळ्या दगडांची सरळ रांग उमटली, तर ते दगड कुणीतरी गाडीत घालून तिथे आणलेले असतात. भिंत, ओटा, विहिरीचा काठ, जे असेल ते माणसानं रचलेलं. अशी रांग पडद्यावर दिसली की मला उठून त्या जागेवर जाऊन उभं राहावंसं वाटतं.

जमिनीत लहर सोडणाऱ्या रडारचं विचाराल, तर चिकण काळ्या मातीत त्याची लहर फार खोल जात नाही.

“मग खोदूनच का नाही बघत?” असंही विचारता. खोदकाम एकदाच करता येतं; उचललेला थर पुन्हा तसा लावता येत नाही. 1955 साली बी. के. थापर यांनी तापीकाठच्या प्रकाशे गावी उत्खनन केलं, त्यातून तापीच्या खोऱ्याचा कालक्रम हाती आला, आणि ते मोलाचंच. पण खोल, अरुंद खड्ड्यातून गावाच्या गल्ल्या कळत नाहीत. फारुकी सुलतानांनी खानदेशात 1382 ते 1601 राज्य केलं. थाळनेरला त्यांच्या कबरी उभ्या आहेत. त्यांना धान्य पुरवणारी गावं कशी वसली होती, कुंभारवाडा कोणत्या अंगाला होता, गावाला गावकूस होतं का, हे मला हवं आहे. आणि त्या गावांच्या पांढरी झपाट्यानं संपताहेत. पूर्वी धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला आणि खताला पाट्यांनी माती नेत, आता जेसीबी एका दिवसात टेकाड सपाट करतो.

तुमच्या शिवारात अशी पांढरी असेल, तर सपाटीकरणाआधी मला एवढं सांगा: नांगराला दगड कोणत्या बाजूला लागतात, लोखंड गाळल्यावर उरलेली मळी किंवा जळकी वीट कुठे वर येते, आणि जुनी माणसं विहीर कुठे होती म्हणतात. मोजणीची पहिली चौकट आम्ही तिथेच आखू.