रात्री अडीच वाजता आंबेडकर रोडवर

१२ मार्च २०१८, सोमवार. त्या दिवशी भाच्याचा दहावीचा पेपर होता, तो परळला आमच्याकडेच राहत होता आणि ताईचे आदल्या दिवसापासून फोनवर फोन, रस्ते बंद होणार, पोरगं सेंटरला पोचणार कसं. नाशिकहून ६ तारखेला निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च रविवारी सोमय्या मैदानावर येऊन थांबला होता, आता सकाळी ते आझाद मैदानाकडे निघणार म्हणजे सगळं जाम, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. आमच्या इथून जाताना घोषणा नाही, काही नाही, नुसता पावलांचा आवाज. खिडकीतून बघितलं तर रस्ताभर लाल टोप्या. पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून हे लोक रात्रीच निघाले होते! १८० किलोमीटरची पायपीट, आणि जरा पाठ टेकायला मिळाली असती ती एक रात्र, तीही आमच्या पोरांसाठी सोडली. मला तर रडूच आलं. घरात होती तेवढी बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आम्ही दोघं खाली पळालो, बघतो तर आजूबाजूच्या बिल्डिंगमधलेही उतरलेले.

भाचा वेळेत पोचला. मी हाफ डे टाकून आझाद मैदान गाठलं.

तिथे सुरगाण्याकडच्या एका आजींजवळ बसले. कर्जमाफी, हमीभाव या मागण्या होत्याच पण आजी बोलत होत्या ते फक्त जमिनीबद्दल. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, आत घड्या पडून फाटायला आलेले कागद. "ह्या बघ पोरी, सासऱ्यांच्या पावत्या." जंगलात नांगर घातला म्हणून झालेल्या दंडाच्या पावत्या. २००६ चा वनहक्क कायदा म्हणतो १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर जमीन तुमची, पण पुरावा द्या, आणि मग हीच दंडाची पावती पुरावा म्हणून चालते. ज्या कागदाने सासऱ्यांना चोर ठरवलं तोच कागद आजी इतकी वर्षं जिवापाड सांभाळत होत्या. दावा टाकून झाला होता, सातबाऱ्यावर नाव मात्र नाही. मी पिशवी हातात घेतली तर त्यांचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे, म्हणून लगेच परत दिली.

संध्याकाळी बातमी आली की सरकारने लेखी दिलं, वनजमिनीचे दावे सहा महिन्यांत निकाली काढणार. रात्री सीएसएमटीवरून स्पेशल गाड्या सुटल्या.

पाच वर्षांनी, मार्च २०२३ ला, मोर्चा परत निघाला. मागण्यांत वनजमिनी होत्याच. त्या वेळी वाशिंदला थांबले, मुंबईपर्यंत आले नाहीत. मी मोबाईलवर एकेक व्हिडिओ थांबवून थांबवून बघत होते, कुणाच्या हातात ती पिशवी दिसते का.